चौदा उत्तरं आणि पिवळी पानं : द्राक्षबागेतल्या एका निदानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातली दोन एकरांची द्राक्षबाग. सोनाका वाण, डॉगरिज खुंटावर कलम केलेला, लागण ९ बाय ५ फुटांवर, म्हणजे एकरी साधारण ९६८ झाडं. जमीन काळी. खालच्या बाजूला मात्र नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात. पाणी बोअरचं. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर, आणि उन्हाळ्यात रोज चार तास मोटर चालू, म्हणजे झाडाला दिवसाला ३२ लिटर.

खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या तयार करण्यासाठीची उन्हाळी छाटणी, १२ एप्रिलला झाली. फूट चांगली निघाली, सबकेनसाठी, म्हणजे उपकाडी फुटावी म्हणून, शेंडे मारले. तेहतिसाव्या दिवशी खालच्या बाजूच्या अर्ध्या एकरात कोवळी पानं पिवळी दिसू लागली. दोन-तीन दिवसांत काही झाडांची पानं लिंबासारखी झाली, तर कुठे जवळजवळ पांढरी पडली.

इथे वेळेला फार किंमत आहे. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड ठरतो. त्या काळात पान काम करत नसेल तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, डोळे वांझ फुटतात, आणि मग काही करता येत नाही. उत्तर आठवड्याभरात हवं होतं आणि ते चुकून चालणार नव्हतं.

प्रश्न आणि आलेली उत्तरं

बागायतदारांनी तळहातावर ठेवलेल्या एका पानाचा फोटो काढला, संध्याकाळी सहाच्या सुमारास. तो द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "पानं पिवळी पडल्यात, काय मारू?"

रात्री दहापर्यंत चौदा संदेश आले. पाच जणांनी मॅग्नेशियम सांगितलं: "अण्णा, मॅग्नेशियम कमी पडलंय, एकरी १० किलो सोडा ड्रीपमधनं, आठ दिवसांत हिरवं." दोघांनी नुसतं "सेम आमच्याकडं पण" लिहिलं. एकाने स्वतःच्या कंपनीच्या उत्पादनाचं पत्रक टाकलं. एकाने केवडा हा बुरशीचा रोग म्हटलं, तर एकाने नत्र कमी म्हणून युरिया सांगितला. एक जण फुटीची वाढ रोखणाऱ्या सीसीसीबद्दल, म्हणजे क्लोरमेक्वाटबद्दल, म्हणाला, "सीसीसीचा डोस जास्त झालाय. कोणत्या तारखेला मारलंवतं?" एकाने एकरी ५ लिटर सल्फ्युरिक ॲसिड ड्रीपमधून सोडायला सांगितलं, "चुना मरतो." एकाने दोनच शब्द लिहिले, "पाणी कमी करा."

आणि एक संदेश असा होता: "फोटोवरनं लोह वाटतंय, पण नक्की सांगता येणार नाही. पिवळी पानं शेंड्याकडची की बुडाची? जमीन चुनखडीची आहे का? असेल तर ड्रीपमधनं काही सोडायच्या आधी चार झाडांवर फेरस मारून बघा. मॅग्नेशियम असेल तर फेरसनं फरक पडणार नाही."

त्या रात्री या संदेशाकडे कुणी लक्ष दिलं नाही. पाच जण एकच गोष्ट ठामपणे सांगत होते आणि हा गृहस्थ "नक्की सांगता येणार नाही" म्हणत होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकरांत एकरी १० किलो मॅग्नेशियम सल्फेट सोडलं. तीन दिवसांनी कृषी सेवा केंद्राच्या सल्ल्याने दहा ओळींवर ग्रेड-२ सूक्ष्म अन्नद्रव्याचं मिश्रण लिटरला २.५ ग्रॅमने फवारलं. पिवळेपणा वाढतच राहिला.

चाळिसाव्या दिवशी कृषी पदवीधर पुतण्या सुट्टीत गावी आला. त्याने आणखी सल्ला मागण्याआधी आलेलीच चौदा उत्तरं पुन्हा वाचायला घेतली.

उत्तरं कशी तोलली

वहीचं एक पान घेऊन चार रकाने आखले : म्हणणं काय, खरं असेल तर बागेत काय दिसायला हवं, खोटं असेल तर काय दिसेल, आणि मानून चुकलो तर नुकसान किती. ज्या उत्तरांना दुसरा आणि तिसरा रकाना भरता येईना, ती बाजूला ठेवली. पत्रक तिथेच गळालं. "सेम आमच्याकडं पण" ही दोन्हीही गळाली, कारण त्यात निदान नव्हतं. त्यांच्याकडे पिवळी पानं होती एवढंच कळत होतं.

मग मॅग्नेशियमची पाच उत्तरं. नीट पाहिलं तर त्यांतली तीन शब्दशः सारखी होती. "आठ दिवसांत हिरवं" हे वाक्यही तेच, आणि "मॅग्नेशियम"च्या शुद्धलेखनातली चूकही तीच. कुठल्या तरी जुन्या संदेशाची ती नक्कल होती. पाच मतं म्हणून जे दिसत होतं ते खरं तर तीनच मतं होती, आणि त्यातलं एक बागेकडे न पाहता पुढे ढकललेलं. फोनवरच्या गटात बहुमत मोजायचं असेल तर आधी कोणी कोणाचं उचललं ते वजा करावं लागतं.

तरी मॅग्नेशियम हे म्हणणं खुळं नव्हतं. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असतं, वर पालाशची मात्रा दिलेली असते, आणि दोन्हींमुळे मॅग्नेशियमचं शोषण दबतं. पण मॅग्नेशियम झाडात हलतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून कोवळ्या पानाला देतं, म्हणून पिवळेपणा बुडाच्या पानांत, कडेकडून आत असा येतो. लोह हलत नाही. ते कमी पडलं की शेंड्याचं पान पिवळं पडतं, शिरा बारीक जाळीसारख्या हिरव्या राहतात आणि बुडाची पानं हिरवीगार असतात. नत्र कमी असेल तर शिरांसकट सगळं पान फिकट होतं आणि सुरुवात जुन्या पानांपासून होते. निम्मी उत्तरं फक्त "पिवळं कोणतं, वरचं की खालचं?" एवढ्या एका प्रश्नाने छाटली जातात.

फोटोत नेमकं तेच नव्हतं. तळहातावरचं पान काडीवर कितवं होतं हे कुणालाच दिसत नव्हतं, आणि संध्याकाळच्या उन्हात फोनचा कॅमेरा हिरव्यालाही पिवळट करतो. गटावरच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्नात जेवढी माहिती होती तेवढ्यावर खात्रीचं उत्तर देणं शक्यच नव्हतं, आणि म्हणून ज्यांनी खात्रीने दिलं त्यांच्याबद्दल शंका घ्यायला हवी होती. "नक्की सांगता येणार नाही" म्हणणाऱ्यानेच फोटो नीट पाहिला होता.

त्या उत्तरात आणखी दोन गोष्टी होत्या. त्याने उलट प्रश्न विचारले होते, आणि आपण चुकलो तर ते कसं कळेल हेही सांगितलं होतं. "बहुतेक", "असावं" असे शब्द दोन प्रकारे येतात. एक, अंगावर येऊ नये म्हणून. "बहुतेक लोह असावं, बघा आता" यात पुढे करण्यासारखं काही नसतं. दुसरा, जिथे माहिती संपते तिथे बोट ठेवण्यासाठी. हे उत्तर दुसऱ्या प्रकारचं होतं.

सीसीसीचं उत्तरही उलट प्रश्न विचारणारं होतं, म्हणून त्याला पूर्ण संधी दिली. पाच पानांच्या अवस्थेला सीसीसी फवारलेलं होतं, आणि मात्रा जास्त झाली की कोवळ्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात हे खरं आहे. फवारणीची वही होतीच. २०१० साली क्लोरमेक्वाटचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाल्याने युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती, त्यामुळे निर्यातीचा माल करणारा बागायतदार ही वही चुकवत नाही. वहीप्रमाणे दोन्ही एकरांत एकाच दिवशी, एकाच टाकीच्या प्रमाणाने फवारणी होती. फवारणीचा दोष ट्रॅक्टरच्या ओळींबरोबर चालतो. जमिनीचा दोष ओळी ओलांडून जातो. इथे पिवळा पट्टा ओळींना आडवा होता, चुनखडीच्या खड्यांबरोबर वाकत गेलेला. सीसीसी बाद. केवड्यासाठी पानाच्या खाली सकाळी पांढरी बुरशी दिसायला हवी होती. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ती नव्हती, आणि पानांवर तेलकट डागही नव्हते.

ॲसिडच्या उत्तराचा हिशोब मात्र सविस्तर केला, कारण आकडा दिलेला होता आणि चुकलं तर नुकसान मोठं होतं. एक एकर जमिनीचा १५ सेंटीमीटरचा थर साधारण ९ लाख किलो भरतो. पिवळ्या पट्ट्यातल्या मातीत मुक्त चुना पुढे १४ टक्के निघाला, म्हणजे त्या थरात एकरी सुमारे १२६ टन चुना. ड्रीपरखाली ओली होणारी जमीन एक तृतीयांश धरली तरी ४२ टन. पाच लिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिडात जवळपास ९ किलो आम्ल असतं, आणि ते साधारण तेवढाच, म्हणजे ९ किलोच्या आसपास चुना संपवतं. ४२ टनांपुढे ९ किलो. "चुना मरतो" हे म्हणणं गणितातच मेलं.

गंमत अशी की तोच आकडा दुसऱ्या कामाला जवळपास बरोबर निघाला. बोअरच्या पाण्याच्या अहवालात बायकार्बोनेट ७ मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलिटर आलं. त्यातलं ५ मारायला १,००० लिटरला ९८ टक्के ॲसिड साधारण १३६ मिली लागतं. एकराला रोज ३१,००० लिटर पाणी जात होतं, म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर ॲसिड. बहुधा कुणीतरी पाण्यासाठी रोजची मात्रा सांगितली असावी आणि पुढे जाता जाता "पाण्यासाठी" आणि "रोज" हे दोन शब्द गळाले. आकडा बरोबर आणि कारण चूक असं उत्तर असलं की ते जिथे चालतं तिथे नावाजलं जातं आणि दुसरीकडे बाग जाळतं.

"पाणी कमी करा" या उत्तराला पहिल्या वाचनात काहीच वजन देता आलं नव्हतं. खरं असो वा खोटं, कारण दिलेलं नसेल तर तपासायचं काय? पुतण्याने त्यांना वेगळा संदेश पाठवून विचारलं, "काका, पाणी का कमी करायचं?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "आमच्या काळ्या रानात कायम ओल राहिली की असंच होतंय. तीन दिवस बंद ठेवलं की नवीन पान हिरवं येतंय." आता यात तपासण्यासारखं होतं. सतत ओल्या मातीत हवा कमी होते, मुळांच्या श्वसनातला कार्बन डायऑक्साइड कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाभोवतीचा सामू (पीएच) वर धरून ठेवतं. सामू एक अंकाने वाढला की विरघळलेलं लोह हजारपटीच्या हिशोबाने घटतं. मातीत लोह असतं, पण मुळाला मिळत नाही. दोन शब्दांचं ते उत्तर आणि "लोह वाटतंय" हे उत्तर एकाच साखळीची दोन टोकं होती.

पर्याय

चाळिसाव्या दिवशी हातात असलेले मार्ग असे. काहीच न करता देठ परीक्षणाच्या, म्हणजे पानांच्या देठांतली अन्नद्रव्यं मोजणाऱ्या तपासणीच्या, अहवालाची वाट पाहायची. अहवाल येईपर्यंत बावन्नावा दिवस उजाडणार होता. सरसकट फेरस सल्फेट ड्रीपमधून सोडायचं. स्वस्त, पण ८.४ सामूच्या चुनखडीत ते काही तासांत न विरघळणाऱ्या रूपात जातं, आणि त्याच नळीतून १२:६१:० सारखं स्फुरदयुक्त खत जात असेल तर लोहाचा फॉस्फेट साका बसून ड्रीपर तुंबतात. दुकानात सहज मिळणारं ईडीटीए लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीएने धरून ठेवलेलं लोह, द्यायचं. साडेसहाच्या वरच्या सामूत ते लोह सोडून कॅल्शियम धरतं, त्यामुळे या जमिनीत ते वाया जाणार. ईडीडीएचए लोह द्यायचं. ते ९ सामूपर्यंत टिकतं, पण सगळ्यांत महाग, आणि निदान चुकलं तर पैसे पाण्यात. शेवटचा मार्ग म्हणजे आधी थोड्या झाडांवर चाचणी आणि मग निर्णय. त्यात सात दिवस जाणार होते.

सात दिवस घालवणं परवडेल का, हा इथला खरा पेच होता. बागायतदारांचं म्हणणं "सगळंच मारू या, एक तर लागेल." पुतण्याचं म्हणणं असं की सगळं मारून हिरवं झालं तरी पुढच्या वर्षी पुन्हा चौदा उत्तरांपासूनच सुरुवात होईल. शेवटी मधला मार्ग निघाला. ज्या गोष्टीला खर्च नाही आणि जी उलटवता येते, ती लगेच करायची : पाणी चार तासांवरून दोन तासांवर. बाकी सगळं चाचणीनंतर.

काय केलं

एक्केचाळिसाव्या दिवशी नवे फोटो काढले. सकाळी नऊला, सावलीत, पांढऱ्या कागदावर. शेंड्याकडून तिसरं पान, बुडाकडून पाचवं पान आणि वरच्या हिरव्या भागातलं त्याच जागेचं पान, तिन्ही शेजारी शेजारी. शिवाय पानाची खालची बाजू आणि ओळीच्या टोकावरून आख्खा पट्टा. बुडाची पानं हिरवी होती. पिवळ्या आणि हिरव्या भागातली माती वेगवेगळी घेऊन तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले. पिवळ्या भागातली माती जोरात फसफसली, हिरव्या भागातली जेमतेम. ड्रीपरखाली एक फूट खणल्यावर मातीचा चिकट गोळा निघाला, आणि पांढरी मुळी ओल्या भागात नव्हती, कडेला होती. मग मातीचे दोन नमुने आणि बोअरचं पाणी प्रयोगशाळेत गेलं.

बेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर चाचणी फवारणी. पट्ट्यातल्या तीन जागा निवडल्या : कडेची, मधली, सर्वांत पिवळी. ग्रेड-२ मारलेल्या ओळी टाळल्या. प्रत्येक जागी चार झाडांवर फेरस, चारांवर मॅग्नेशियम, चारांवर नुसतं पाणी. एकूण ३६ झाडं. फेरसचं द्रावण दोन लिटर आरओच्या पाण्यात केलं : आधी सायट्रिक ॲसिड २ ग्रॅम, ते विरघळल्यावर फेरस सल्फेट ४ ग्रॅम. हा क्रम उलटा केला किंवा बोअरचं पाणी घेतलं तर द्रावण तांबूस होतं, आणि तांबूस झालेलं द्रावण फेकून द्यायचं असतं. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम. झाडांना लाल, निळ्या, पांढऱ्या फिती बांधल्या आणि कोणत्या फितीला काय, ते फक्त वहीत लिहिलं.

एकोणपन्नासाव्या दिवशी शेजारच्या बागायतदाराला बोलावून, कोणत्या फितीला काय मारलंय ते न सांगता, प्रत्येक झाडाचे शेंडे "हिरवे, थोडे, जसेच्या तसे" असे सांगायला लावले. फेरसच्या बारापैकी दहा झाडांत फरक दिसला. थेंब जिथे पडला तिथे हिरवे ठिपके उमटले होते. लोह पानातही फारसं पसरत नाही, त्याची ही खूणच आहे. मॅग्नेशियमचं एक झाड "थोडं", पाण्याचं एकही नाही. फेरसच्या दोन झाडांची कोवळी पानं कडेला भाजली होती, म्हणजे त्या उन्हात लिटरला २ ग्रॅम हीच वरची मर्यादा धरायची. ग्रेड-२ मिश्रणाने फरक का पडला नाही, हेही इथे उलगडलं. त्यात लोह २.५ टक्के, म्हणजे मारलेल्या प्रमाणात सुमारे ६२ पीपीएम. फेरस सल्फेटात सुमारे १९ टक्के, म्हणजे ३८० पीपीएम. सहावा हिस्साही नाही.

पन्नासाव्या दिवशी निर्णय झाला. सर्वांत पिवळ्या पट्ट्यातल्या ३०० झाडांना ईडीडीएचए लोह, झाडाला १० ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत. ६ टक्के लोहाचा माल घेतला, पण डब्यावर ऑर्थो-ऑर्थो प्रमाण ४.८ टक्के लिहिलेलं पाहूनच. चुनखडीत टिकतो तो हाच भाग. हे लोह उजेडात मोडतं म्हणून संध्याकाळी ड्रीपरजवळची माती हलवून आळवणी केली, म्हणजे द्रावण मुळाशी ओतलं, आणि वर अर्धा तास पाणी दिलं. संपूर्ण अर्ध्या एकरावर फेरस-सायट्रिकच्या दोन फवारण्या झाल्या. मात्र तीन ओळी, कडेपासून सर्वांत पिवळ्या भागापर्यंत जाणाऱ्या, मुद्दाम सोडल्या. त्यांना फक्त कमी पाणी. ॲसिड टाळलं. निम्म्या पाण्याला दिवसाला एकरी दोन लिटर पुरले असते, पण डोसिंगची सोय नव्हती आणि तीव्र ॲसिड हाताळायला घरात कुणी शिकलेलं नव्हतं.

बावन्नाव्या दिवशी देठ परीक्षणाचा अहवाल आला : लोह पुरेसं, मॅग्नेशियम पुरेसं. बागायतदारांना वाटलं आपलं चुकलं. इथे थांबून विचारावं लागलं की हा कागद तरी किती विश्वासाचा? देठं कोणी आणि कशी घेतली ते तपासलं. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास गड्याने दोन्ही एकरांतून मिळून घेतली होती, म्हणजे हिरव्या दीड एकराने पिवळा अर्धा एकर झाकला. त्यात ग्रेड-२ मारलेल्या ओळीही होत्या. देठं धुतलेली नव्हती, आणि काळ्या मातीच्या धुळीत लोह भरपूर असतं. शिवाय चुन्यामुळे येणाऱ्या पिवळेपणात पानातलं एकूण लोह कमी नसतंच बऱ्याचदा. ते असतं, पण निकामी रूपात अडकलेलं. प्रयोगशाळेचा आकडा खरा होता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तो नव्हता. चाचणीच्या फितींवर विश्वास ठेवून काम चालू ठेवलं.

निष्पत्ती

बहात्तराव्या दिवशी पट्ट्यातली बहुतेक नवी पानं हिरवी होती. पांढरी झालेली जुनी पानं परतली नाहीत, काही करपून गळली. सोडलेल्या तीन ओळींनी सर्वांत जास्त शिकवलं : कडेचा आणि मधला भाग नुसत्या कमी पाण्याने हिरवा झाला, शेजारच्या ओळींपेक्षा आठवडाभर उशिरा. सर्वांत पिवळ्या भागात मात्र कमी पाण्याने काही झालं नाही. तिथे लोहच लागलं. म्हणजे दोन्ही सल्लागार बरोबर होते, पण बागेच्या वेगवेगळ्या तुकड्यांपुरते.

गोडी छाटणीनंतर त्या सर्वांत पिवळ्या पट्ट्यात घड सुमारे एक तृतीयांश कमी निघाले. ज्या सात-आठ दिवसांत मॅग्नेशियम आणि मिश्रण झालं, त्यांचा यात वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. कडेच्या आणि मधल्या भागात फरक जाणवला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला फोटो टाकतानाच पानाची जागा, जमीन, पाण्याचे तास आणि अलीकडच्या तीन फवारण्या लिहिल्या असत्या तर मॅग्नेशियमची उत्तरं बहुधा आलीच नसती. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यांत जास्त फरक यानेच पडला असता.

चाचणी तेहतिसाव्या दिवशीही होऊ शकली असती. दोन लिटरचा हातपंप आणि चार ग्रॅम फेरस एवढाच खर्च. "चार झाडांवर मारून बघा" हे त्या रात्री हातात असलेलं एकमेव उत्तर होतं जे चूक निघालं तरी बागेला धक्का लागला नसता. उत्तर खरं की खोटं हे कळत नसेल तेव्हा आधी हे पाहायला हवं होतं : मानून चुकलो तर परत फिरता येईल का? दोन एकरांत काही सोडण्यापेक्षा बारा झाडांवर मारणं या कसोटीत कायम पुढे राहतं.

देठं पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास, पाचव्या पानाची, पिवळ्या आणि हिरव्या भागातली वेगळी आणि उर्ध्वपातित पाण्याने धुऊन घ्यायला हवी होती. त्याआधी आठ-दहा दिवस पानांवर सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी नको. आणि सोडलेल्या तीन ओळींच्या जोडीला, लोह दिलेल्या पण पाणी कमी न केलेल्या एक-दोन ओळी ठेवल्या असत्या तर लोहाचा एकट्याचा परिणाम कळला असता. पाणी सगळीकडे एकदम कमी केलं, तिथे ही तुलना हातची गेली. पण मेच्या उन्हात, घड ठरण्याच्या दिवसांत, मुद्दाम जास्त पाणी चालू ठेवायला कोणता बागायतदार तयार होईल?

निकाल गटावर टाकताना पुतण्याने "ईडीडीएचए द्या" असं लिहिलं नाही. मातीचा सामू, चुन्याची टक्केवारी, पाण्यातलं बायकार्बोनेट, पिवळं पान काडीवर कितवं, आणि "बुडाची पानं पिवळी असतील तर हे लागू नाही" असं लिहिलं. तरीही पंधरा दिवसांत त्यातला फक्त डोस कापून पुढे गेला. एका बागायतदाराने तो आपल्या बागेला लावायची तयारी केली. त्याच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन वाकल्या होत्या. पुतण्याने त्याला पान उलटं करून बघायला सांगितलं. खाली तुडतुडे होते.